नवरत्नम मास्तरांचं काय झालं

मॉरिसव्हिल, १४ मार्च २००७, बुधवार

इथे येऊन पंधरा दिवस झाले. सुमेधा गेल्यावर पुण्यातल्या घरात एकट्याने राहू नका, असा उल्काचा धोशा होता. शेवटी सहा महिन्यांसाठी आलो. मुलगी चांगली, जावई चांगला. मिहीर सकाळी सातला ऑफिसला जातो, उल्का घरूनच लॅपटॉपवर काम करते. घरात इतकी शांतता असते की फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

नात उर्वी अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत देते. शाळेत तिला अमेरिकेतल्या यादवी युद्धावर प्रोजेक्ट दिलं आहे, तेही युद्धाच्या शेवटच्या महिन्यांवर, कारण ते शेवटचे महिने याच भागात घडले. आजोबा कर्नल होते म्हणून मला सल्लागार नेमलंय.

आज तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही वॉरमध्ये होता ना? डिड यू विन?"

मी म्हटलं, एकाहत्तर साली जिंकलो.

"आणि श्रीलंकेत?"

तिथे आम्ही शांतिसेना म्हणून गेलो होतो, म्हटलं. शांतता राखायला.

"सो, डिड यू कीप इट?"

मी तिला नकाशा कसा वाचायचा ते शिकवायला घेतलं.

१९ मार्च, सोमवार

उर्वीची बस चार दहाला कोपऱ्यावर येते. मी साडेतीनला जाऊन उभा राहतो. उल्का हसते. "बाबा, एवढ्या लवकर कशाला? बस कधी आधी येत नाही." शुक्रवारी बसला वीस मिनिटं उशीर झाला. मी दोनदा घरी येऊन उल्काला फोन करायला लावला, तिसऱ्यांदा पायी शाळेच्या दिशेने निघालो. बस वाटेत भेटली. उर्वी खिडकीतून हात करत होती. मिहीर म्हणाला, "बाबा, तुम्हाला फारच टेन्शन येतं." टेन्शन कसलं? आयुष्यभराची वक्तशीर राहायची सवय आहे, इतकंच.

२६ मार्च, सोमवार

आज एक अप्रिय गोष्ट घडली.

माझी ई-मेल मिहीर उघडून देतो. त्याने एक पत्र छापून आणलं. टोरांटोहून, दर्शिनी नवरत्नम नावाच्या मुलीचं. पलटणीच्या वर्धापनदिनाचं पान इंटरनेटवर आहे, त्यात माझं नाव आणि 'सध्या मुलीकडे अमेरिकेत' एवढं वाचून तिने पलटणीकडून पत्ता मिळवला.

लिहिते : 'माझे वडील १९८८ ते ९० श्रीलंकेत तुमच्याकडे दुभाषी होते. गावात ते गणित शिकवायचे. ९ मार्च १९९० नंतर ते कोणालाच दिसले नाहीत. माझी आई त्रिचीजवळच्या निर्वासित छावणीत आहे. तिला कॅनडात आणायचं तर वडिलांबद्दल कागद लागतो. त्यांना शेवटचं पाहणारे तुम्ही आहात, असं आई सांगते. तुम्ही काही सांगू शकाल का?'

मास्तरांची मुलगी. तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. शाळेच्या आवारात आमच्या जीपच्या चाकांवरचे नट मोजत बसायची.

जे झालं ते सरळ आहे. आमची माघार ठरली होती. ब्रिगेडचा हुकूम होता, पाचला निघा. जहाजावर मास्तर, त्यांची बायको आणि मुलगी अशा तीन जागा मी स्वतः मंजूर करून घेतल्या होत्या. पण मास्तर त्या दुपारी कामासाठी बाहेर गेले ते पाचपर्यंत परतले नाहीत. हुकमापुढे माझा इलाज नव्हता. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. तेवढंच कळवून टाकीन.

२ एप्रिल, सोमवार

पत्राला उत्तर अजून दिलेलं नाही. उद्या देईन.

उर्वीला आज माघार म्हणजे काय ते समजावलं. लोकांना वाटतं हल्ला कठीण. हल्ल्यात निदान सगळे एका दिशेला बघत असतात. माघारीत प्रत्येक माणसाची पाठ उघडी असते, आणि युद्ध संपत आलंय हे त्याला माहीत असतं. जो कालपर्यंत बेडरपणे पुढे जायचा तो शेवटच्या आठवड्यात खड्ड्यातून डोकं वर काढत नाही. 'साहेब, आता कशाला?' असं कोणी बोलत नाही, पण डोळ्यांत तेच असतं. अशा वेळी कमांड करणं हा सगळ्यात वाईट धंदा. उद्या सोडून द्यायच्या रस्त्यासाठी आज कोणाला तरी मरायला पाठवायचं.

मी सहाशे दहा माणसं घेऊन निघालो आणि सहाशे दहा माणसं जहाजावर चढवली. एक ओरखडा नाही. त्याबद्दल मेडल मिळालं. हे तिला सांगितलं. खूश झाली.

मग तिने तिची वही वाचून दाखवली. याच आमच्या गावात, आत्ता जिथे किराणा आणायला जातो त्याच्या पलीकडे रेल्वे जाते तिथे, एप्रिल १८६५ मध्ये चकमक झाली. दक्षिणेच्या सैन्याची गाडी स्टेशनात होती. अर्धे डबे सामानाचे, अर्धे जखमी शिपायांचे. वर टेकडीवरून तोफा सुरू झाल्या. इंजिनाला तेवढा भार ओढवेना. त्यांनी सामानाचे डबे सोडून दिले आणि जखमींना घेऊन गेले.

"दे वर लूझिंग एनीवे, आजोबा. तरी त्यांनी फूड सोडलं आणि पीपल घेतले. आय थिंक दॅट्स नाइस."

मी म्हटलं, हो, बरोबर केलं त्यांनी.

जेवण गेलं नाही.

११ एप्रिल, बुधवार

उल्का दुपारी माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"बाबा, त्या मुलीला तुम्ही उत्तर का देत नाही?"

तुला कोणी सांगितलं, मी विचारलं. मिहीरने कागद आणला तेव्हा तीही होतीच म्हणे. आणि मग शांतपणे म्हणाली, "मी तिच्याशी फोनवर बोललेय. दोनदा."

मी चिडलो. माझ्या पत्रांत हात घालायचा तुला काय अधिकार, वगैरे बोललो. ती नुसती बसून राहिली. सुमेधासारखी बसते ती, हात मांडीत.

"आई एकदा मला म्हणाली होती," ती म्हणाली, "तुझे बाबा तिथे कोणाला तरी ठेवून आलेत. रात्री उठून बसतात. तू विचारू नकोस."

सुमेधाला मी एका अक्षराने बोललो नव्हतो. तिला कसं कळलं, कोण जाणे.

"ब्रिगेडचा हुकूम होता," मी म्हटलं.

"असेल. तेच लिहून द्या ना तिला."

ती गेल्यावर लिहायला बसलो. 'ब्रिगेडचा हुकूम होता की पाचला' एवढं लिहिलं आणि थांबलो. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने खोटं लिहिता येईना. ब्रिगेडचा हुकूम 'अंधाराच्या आत' असा होता. तिथे मार्चमध्ये सव्वासहाच्या पुढे अंधार पडतो. पाच ही वेळ मी ठरवली.

इतकी वर्षं 'ब्रिगेडचा हुकूम, पाच' असं म्हणत आलो, आणि खरंच तसंच वाटायला लागलं होतं.

२८ एप्रिल, शनिवार

सगळे मिळून उर्वीच्या प्रोजेक्टसाठी डरॅमजवळचं एक शेतघर पाहायला गेलो. साधं लाकडी घर, एक चूल, एक टेबल. याच घरात दोन सेनापती समोरासमोर बसले आणि दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रं खाली ठेवली. पांढऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने माहिती सांगितली. दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षाचा हुकूम होता की घोडदळ घेऊन मागे हट आणि लढत राहा. सेनापतीने तो मानला नाही. आणखी लढणं म्हणजे नुसती माणसं मारणं, असं त्याचं म्हणणं.

गेल्या महिन्यात उर्वीला मी ठणकावून सांगितलं होतं की हुकूम मोडतो तो शिपाई नव्हे. आज तिने सगळ्यांसमोर विचारलं, "सो आजोबा, वॉज ही अ बॅड सोल्जर?"

मिहीर म्हणाला, "चल, फोटो काढू."

बाहेर बाकावर बसलो. मला हुकूम मोडायचीही गरज नव्हती. हुकमात तास-सव्वा तास शिल्लक होता. तो मी वापरला नाही.

उल्का पाण्याची बाटली घेऊन आली. म्हणाली, "दर्शिनी पुढच्या शनिवारी येतेय. मी बोलावलंय. तुम्हाला नको असेल तर तसं सांगते."

नको, असं म्हणायचं होतं. म्हणालो नाही.

५ मे, शनिवार

तारीख घालून अर्धा तास झाला. जसं झालं तसं लिहितो.

मिहीर तिला एअरपोर्टवरून घेऊन आला. चोवीस वर्षांची, बारीक, चष्मा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. दारात तिने सँडल काढले आणि मला वाकून नमस्कार केला. मी मागे सरलो. उल्काने उर्वीला मैत्रिणीकडे पाठवलं होतं. मिहीर पोरीची बॅग ठेवून बाहेर गेला. आम्ही तिघंच. बोलणं इंग्रजीत झालं.

ती म्हणाली, "कर्नल अंकल, मी भांडायला आलेली नाही. आमच्या गावचे एक जण टोरांटोत आहेत. ते सांगतात, तुम्ही लोक गेल्यावर, तुमच्यासाठी काम केलेल्यांना एकेक करून नेलं. पण अप्पाला नेताना कोणी पाहिलं नाही. मला फक्त त्या दिवसाचं हवंय."

मी सांगायला सुरुवात केली. ब्रीफिंग देतात तसं. आवाज माझाच, पण दुसऱ्याचा वाटत होता.

सांगितलं की नऊ तारखेला आमची शेवटची तुकडी निघायची होती. रस्ता एकच, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, मध्ये दोन छोटे पूल. समोरच्यांनी, म्हणजे तिथल्या बंडखोरांनी, रस्त्यात सुरुंग पेरलेत असं कळलं होतं. ते आम्हाला जाऊ द्यायला तयार होते की त्यांना शेवटची कत्तल करायची होती, कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याशी बोलू शकेल असा एकच माणूस होता. त्यांच्यातली निम्मी मुलं मास्तरांच्या वर्गात शिकलेली.

"मी त्यांना म्हटलं, मास्तर, हे शेवटचं काम. ते म्हणाले, सर, आज मी गेलो तर मी तुमचा माणूस आहे हे पुन्हा एकदा सगळ्यांसमोर पक्कं होईल. मी पुन्हा म्हटलं, उद्या या वेळी तुम्ही जहाजावर असाल. माझा शब्द."

दर्शिनीने मान हलवली, पुढे सांगा अशी.

"ते दीडला सायकलवरून गेले. शाळेत तुम्ही दोघी सामान बांधून बसला होतात. ते परतले की जीप पाठवून तुम्हाला उचलायचं, असं ठरलं होतं. साडेचारला समोरून निरोप आला, रस्ता मोकळा आहे, सहापर्यंत. म्हणजे मास्तरांनी काम केलं होतं."

"मग तुम्ही थांबलात?"

उल्काकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "पाचला निघायचा हुकूम दिला. माझा हुकूम. समोरच्यांचा विचार बदलेल अशी भीती होती. सहाशे माणसं होती."

इथे थांबता आलं असतं. एवढं ऐकून ती परत गेली असती. पण तिने चष्मा काढला, आणि ती मास्तरांसारखी दिसायला लागली. मास्तरही फळ्याकडून वळले की चष्मा काढायचे.

"अजून आहे," मी म्हटलं. "मी शेवटच्या गाडीत होतो. गाडी सुरू झाली तेव्हा मागे बसलेला सुभेदार मनोहर म्हणाला, साहेब, सायकलवर कोणीतरी येतंय. मी वळून पाहिलं. दोन-अडीचशे मीटरवर एक माणूस जोरात सायकल मारत होता. पांढरी वेष्टी नेसलेला. एक हात वर केलेला. मनोहर म्हणाला, थांबवू का? त्या दिवसांत सायकलवरून एकटा येणारा माणूस म्हणजे बॉम्ब, असंही झालेलं होतं. मी म्हटलं, चलो."

"तुम्हाला ओळखू आले?"

सतरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मनोहरनेसुद्धा नाही. तो पुढे बदलीचा अर्ज देऊन निघून गेला.

"हो," मी म्हटलं. "ओळखू आले."

उल्काने तोंडावर हात धरला. दर्शिनी खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या घरातला माणूस गवत कापत होता, त्या मशीनचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "अप्पा थांबले का? की सायकल मारतच राहिले?"

"वळण आलं," मी म्हटलं. "पुढचं दिसलं नाही."

ती उठून बाथरूममध्ये गेली. नळ खूप वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. म्हणाली, "हे लिहून द्याल? सगळं? शेवटचंसुद्धा?"

उल्काने जेवायला थांबण्याचा आग्रह केला. ती थांबली नाही. एअरपोर्टवर बसून राहीन, म्हणाली. जाताना तिने मला नमस्कार केला नाही. बरं वाटलं. केला असता तर काय केलं असतं?

७ मे, सोमवार

मिहीरने बँकेतल्या नोटरीकडे नेलं. चार पानं झाली होती. ती बाई अदबीने म्हणाली, मला मजकूर वाचायची गरज नाही, फक्त सही तुमचीच आहे एवढं पाहायचंय. सही माझीच आहे, म्हटलं.

मिहीरने पानं वाचली होती, स्कॅन करताना. घरापाशी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "बाबा, मी त्या जागी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही." चांगला पोरगा आहे. पण त्याला कोणी सहाशे माणसं दिलेली नाहीत, आणि त्याने कोणाला शब्द दिलेला नाही.

२२ मे, मंगळवार

उर्वीच्या प्रोजेक्टला ए मिळाला. शेवटी तिने स्वतःचं मत लिहिलंय : युद्ध संपायच्या आदल्या दिवशी मरणारा माणूस पहिल्या दिवशी मरणाऱ्याइतकाच मरतो, पण त्याच्या घरच्यांना जास्त वाईट वाटतं. बाईंनी त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात.

मला उल्का हल्ली काही विचारत नाही. सकाळी चहा देताना हात खांद्यावर ठेवते. आधी कधी ठेवत नव्हती.

१९ जून, मंगळवार

संध्याकाळी दर्शिनीचा फोन आला. उल्काने घेतला, स्पीकरवर टाकला. दर्शिनी त्रिचीला, आईकडे गेली आहे. तिथे पहाट होती.

म्हणाली, कागद चालला. अर्ज पुढे गेला. पण आईला तो समजावून सांगायला चार दिवस लागले. सतरा वर्षं ती कोणत्याही फॉर्मवर 'विधवा' लिहू देत नव्हती. रोज कुंकू लावायची. काल तिने ऐकलं, सगळं, शेवटपर्यंत. मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि गळ्यातली ताली, त्यांचं मंगळसूत्र, काढून दर्शिनीच्या हातात दिली.

"तिला तुमच्याशी बोलायचंय," दर्शिनी म्हणाली. "मी इंग्रजीत सांगते."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही.

बाईंचा आवाज बारीक होता. रागावलेला नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. दर्शिनी सांगत होती. "अम्मा म्हणते, आम्ही चार दिवस शाळेत सामानावर बसून होतो. ते सकाळी सांगून गेले होते की कर्नलनी शब्द दिलाय, ट्रंकेला कुलूप लाव. अम्मा म्हणते, तिला वाटायचं की ते आम्हाला सोडून तुमच्याबरोबर जहाजावर गेले. इतकी वर्षं तिला तेच वाटायचं. म्हणून ती कुंकू लावायची आणि रागवायचीही. आता कळलं की ते परत येत होते."

मी 'सॉरी' म्हणालो. दुसरा शब्द आला नाही. दर्शिनीने तो तमिळमध्ये सांगितला की नाही, कळलं नाही.

मग तिने तिथी विचारली. श्राद्ध कधी करायचं. ती मी काढून ठेवली होती. फाल्गुन शुद्ध त्रयोदशी. दर्शिनीने लिहून घेतली.

पलीकडे पुन्हा बोलणं झालं. दर्शिनी जरा अडखळली.

"अंकल, अम्मा विचारतेय, त्या दिवशी दुपारी अप्पा जेवले होते का? घरून सकाळी काही न खाता गेले होते."

त्या दिवसाची प्रत्येक गोष्ट मला पाठ आहे. गाड्या किती, कोणत्या क्रमाने, कोणत्या पुलावर किती वाजता, वायरलेसवर कोण काय बोललं. मास्तर दीडला निघाले. त्याआधी साडेबाराला आमचं लंगर, म्हणजे जवानांचं जेवण, सुरू झालं होतं. मी मास्तरांना जेवायला घातलं का? कोणी घातलं का? डोळे मिटून पाहिलं. सायकल दिसते, वेष्टी दिसते, वर केलेला हात दिसतो. ताट दिसत नाही.

"हो," मी म्हटलं. "जेवले. माझ्याबरोबर. भात, डाळ आणि दही. दही दोनदा घेतलं."

दर्शिनीने सांगितलं. पलीकडे त्या बाई रडल्या. फोनमधून फक्त तेवढंच येत होतं, खूप वेळ. उल्का माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं.

चार पानं खरी लिहून दिली, आणि एवढं एक बोललो. पुन्हा विचारलं तरी हेच सांगीन.